मुचानेताची जीभ

ऑगस्टच्या मधल्या एका सोमवारी सकाळी टोबाइवा काठी घेऊन तळ्याच्या बांधावर गेला. तिसऱ्यांदा दोरी फेकली तेव्हा मासा लागला. ट्राउट, दीड वीत लांब, पोटाला चांदी आणि कुशीवर फिकट गुलाबी पट्टा. जून ते ऑगस्ट हा इथला हिवाळा, तेव्हा या तळ्यात गळ टाकायला कोणालाही परवानगी नसते. त्या दिवसांत मासे अंड्यावर येतात, काळवंडतात, सुस्तावतात. या बंदीतून एकच मासा सुटलेला होता, तो म्हणजे चाखणीचा.

चाखणीचा मासा घरी आणायचा, साफ करायचा आणि नुसत्या पाण्यात उकडायचा. तेल नाही, कांदा नाही, टोमॅटो नाही. चिमूटभर मीठ, तेवढंच. मग एका माणसानं तो खायचा आणि सांगायचं, स्वच्छ लागतो की मातकट. हिवाळ्यात पाऊस नसतो, तळ्याचं पाणी खाली जातं, शेवाळ धरतं, आणि ती मातकट चव माशाच्या मांसात उतरते. तसं झालं तर तळाची झडप उघडून जुनं पाणी सोडून द्यायचं आणि डोंगरावरच्या ओढ्याचा पाट दहा दिवस तळ्यात वळवायचा. स्वच्छ लागला तर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी फाटक उघडायला मोकळं.

हे सांगणारं माणूस या वर्षी नव्हतं.

टोबाइवा न्यांगाच्या डोंगरातलाच. सत्ताविसाव्या वर्षी बांधाचे दगड वाहायला आला, आणि बांध झाल्यावर दगड वाहणारे बाकीचे निघून गेले तरी हा राहिला. आता अडुसष्ट वर्षांचा होता. माशांची बोटुकली पिल्लं आणणं, सोडणं, वाढवणं, पाणकावळे हाकलणं, फाटक उघडणं, पाहुण्यांनी धरलेले मासे ताणकाट्यावर लावणं, सगळं त्याच्याकडे. बोटुकल्यांच्या फुगलेल्या पिशव्या हॅचरीतून आल्या की तो त्या आधी तळ्याच्या पाण्यावर नुसत्या तरंगत ठेवायचा आणि शेजारी दगडावर बसून राहायचा. पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी हाताला सारखंच गार लागलं की मगच तोंड सोडायचा. एका वर्षी ड्रायव्हरला घाई होती, त्यानं विचारलं, "अहो सेकुरू, आजोबा, माशांना काय थंडी वाजते?" टोबाइवा म्हणाला, "तुला झोपेतून उचलून ओढ्यात टाकलं तर काय होईल?" ड्रायव्हरनं मग गाडी बंद केली.

इतकं सगळं करून टोबाइवानं आयुष्यात कधी मासा खाल्ला नव्हता. त्याचं देवक डोह. डोहाचे लोक पाण्यातलं काही खात नाहीत. देवक खाल्लं तर दात पडतात, हे त्याला आजीनं सांगितलं होतं, आणि आजीचे सगळे दात शेवटपर्यंत शाबूत होते. रविवारी तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, बायबल वाचायचा, आणि मासा खात नव्हता. त्याला या दोन गोष्टींत कधी भांडण दिसलं नाही. लोक त्याला देवकावरूनच हाक मारत, सिझिबा.

मुचानेता त्याची बायको. ती माहेरच्या देवकाची, म्हणजे माकडाची. लग्न झालं तरी बाईचं देवक बदलत नाही. त्यामुळे मासा तिला चालायचा. नुसता चालायचा नाही, तिला तो कळायचा. पहिल्याच वर्षी, बंदीच्या दिवसांत मेलेला एक मासा तिनं उकडला, एक घास घेतला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "चिखल." त्या वर्षी तळ्याच्या तेव्हाच्या मालकांनी घाईनं फाटक उघडलं होतं आणि पाहुणे ताटं तशीच टाकून उठले होते. पुढच्या वर्षी टोबाइवानं चाखणी आधी केली. तेव्हापासून दर वर्षी.

झालं असं, की मालकांना वाटलं हे टोबाइवालाच कळतं. मासा न खाणारा माणूस माशाची चव सांगतो, याची गोष्ट झाली. चौदा वर्षांपूर्वी मिसेस मुरोंडांनी तळं आणि शेजारचं गेस्ट हाऊस विकत घेतलं, तेव्हा त्यांच्याबरोबर ती गोष्टही त्यांच्याकडे आली. त्या मुतारे शहरात राहायच्या, शनिवार-रविवारी यायच्या, आणि राजधानीतून, हरारेहून आलेल्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमचे सेकुरू पाण्यात बोट बुडवतात आणि सांगतात." टोबाइवा तिथंच उभा असायचा. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. घरी येऊन मुचानेताला सांगायचा, तेव्हा ती भांडी घासता घासता हसायची. "बोट तुझं, जीभ माझी," म्हणायची. "त्यांना सांग, बोटाचे वेगळे पैसे द्या."

मे महिन्यात ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही.

दफनाच्या दिवशी लँगटन आला. लँगटन टोबाइवाचा साव्हिरा. दोन घरांचं हे थट्टेचं नातं आजोबांपासूनचं. साव्हिरानं काहीही बोलावं, कितीही लागेल असं बोलावं, त्याच्यावर रागवायचं नाही. मेलेल्या माणसाच्या घरी तर त्यानं बोलायलाच हवं, लोकांना हसवायलाच हवं. लँगटननं मुचानेताचा डोक्याला बांधायचा रुमाल बांधला, तिचा एप्रन घातला, अंगणात सगळ्यांसमोर एका ताटलीतून खोटा घास घेतला, एक डोळा मिटला आणि तिच्याच आवाजात म्हणाला, "चिखल!" बायका रडता रडता हसल्या. शवपेटीजवळ बसलेली मुचानेताची थोरली बहीणसुद्धा हसली. टोबाइवा हसला नाही. तोंडावर काहीतरी आणायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. त्यानंतर तो लँगटनच्या घराकडे गेला नव्हता. रागावलो आहे असं त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण तसं सांगता येत नाही.

जुलैत मिसेस मुरोंडांचा फोन आला. "सेकुरू, पहिल्या शनिवारसाठी नऊच्या नऊ खोल्या भरल्यात. या वर्षी हंगाम चांगला जायला हवा बरं का. बटाटेवाले परत आले होते. म्हणतात, मासे-बिसे सोडा, तळ्याचं पाणी आम्हाला शेतीला द्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण पाहुणे नाराज होऊन गेले तर मला तरी काय कारण राहील नाही म्हणायला?"

"होय मॅडम," टोबाइवा म्हणाला.

"तुम्ही पाणी बघून ठेवा म्हणजे झालं."

"होय मॅडम."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ बांधावर उभा होता. या तळ्यातल्या पाण्यावर बटाटे पिकवायचे तर ते दोन वर्षांत उपसून होईल, हे त्याला माहीत होतं. पुढे काय, बांधाचे दगड तेवढे राहतील, त्यानं वाहिलेले.

तर ऑगस्टच्या त्या सोमवारी त्यानं मासा आणला आणि स्वतःच उकडला. सून शुवाई शेजारच्या घरात राहायची. मुलगा ओनिसिमो मुतारेला कामाला. ओनिसिमोचं देवक बापाचं, तो असता तरी उपयोग नव्हता. शुवाई एलंड हरणाच्या देवकाची, तिला मासा चालायचा. सासरे चुलीपाशी बसलेले बघून ती धावत आली.

"बाबा, तुम्ही कशाला? मला हाक मारायची ना! लोक काय म्हणतील, सून मेली का?"

"हे माझं काम आहे. तू फक्त खा आणि सांग कसा लागतो."

शुवाई गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी ताटली घेतली, टाळी वाजवून आभार मानले, एक तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. "गोड आहे, बाबा," ती खाली बघून म्हणाली.

"मातकट नाही?"

"छे. छान आहे. बाकीचा मी घरी नेते, मक्याच्या साद्झाबरोबर खाईन."

टोबाइवाला हायसं वाटलं. झडप उघडायला नको, पाटाच्या पाण्यासाठी खालच्या वस्तीवाल्यांची पाळी मागायला जायला नको. त्या रात्री तो तीन महिन्यांत पहिल्यांदा लवकर झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुवाईच्या कोंबड्या तिच्या राखेच्या खड्ड्यात उकरत होत्या. एका कोंबडीनं लांबलचक काहीतरी ओढून काढलं आणि बाकीच्या तिच्यामागे धावल्या. तो मासा होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा, एका बाजूनं एकच घास गेलेला. टोबाइवा तिथून निघून गेला. सुनेला काही विचारणं शक्यच नव्हतं. तिनं खोटं सांगितलं असं नव्हतंच. सासऱ्यानं हातानं शिजवून दिलेल्या अन्नाला नाव ठेवणारी सून त्या डोंगरात जन्माला यायची होती.

आता खरं तर त्याच दिवशी उठून दुसरं कोणीतरी बघायला हवं होतं. पण टोबाइवानं दहा दिवस काढले. पाणकावळे हाकलले, फाटकाला रंग दिला, बांधाच्या फटी बुजवल्या. कोणाकडे जायचं हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणूनच तो कुठंच गेला नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या महिला मंडळाच्या पाच बायका भेटायला आल्या, लाल ब्लाऊज, पांढऱ्या टोप्या. मुचानेता त्यांच्यातलीच होती. टोबाइवानं आदल्या दिवशी दुसरा मासा धरून ठेवला होता. तो उकडून त्यानं त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग प्रत्येकीनं थोडा थोडा घेतला.

"वा, सिझिबा! आमच्या नवऱ्यांना शिकवा की हे."

"काय चव आहे! मुचानेताच्या हातची आठवण झाली."

"आणि मीठ कसं अगदी बेताचं."

जाताना त्यांनी पुन्हा प्रार्थना केली, देवानं या घराला धीर द्यावा म्हणून. एका बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या फाटकाबाहेर गेल्यावर टोबाइवा भांडी आवरायला गेला आणि फळीवर त्याला मिठाची पुडी दिसली. अजून फोडलेलीच नव्हती. डब्यातलं मीठ गुरुवारीच संपलं होतं. माशात त्यानं मीठ घातलंच नव्हतं.

तो खाली बसला. पाच बायका, पाचही देवभीरू, आणि त्यातल्या एकीलाही एका विधुराला सांगवलं नाही की तुझा मासा अळणी आहे. मातकट असल्याचं त्या काय सांगणार होत्या!

बुधवारी सकाळी तिसरा मासा. शनिवार तीन दिवसांवर. या वेळी मीठ विसरायचं नाही म्हणून त्यानं दोनदा घातलं. मासा उकडला, काटा बाजूला केला, दोन बोटांनी पांढरा तुकडा उचलला आणि दारातून बाहेर बघितलं. कोणी नव्हतं. तोंडात उरलेले दात त्यानं जिभेनं मोजले. पाच. तुकडा ओठांपर्यंत आला. वाफ नाकात गेली. एवढ्या वर्षांत हजारो मासे हाताळले, साफ केले, तोलले, पण इतक्या जवळून हा वास कधी घेतला नव्हता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तुकडा खाल्ला तरी काही कळणार नाही. मातकट म्हणजे काय ते ओळखायला स्वच्छ म्हणजे काय ते माहीत हवं. ज्यानं कधी खाल्लाच नाही त्याला पहिला घास कसाही लागला तरी तो तसाच लागतो असं वाटणार. देवक मोडायचं आणि हातात काहीच यायचं नाही. त्यानं तुकडा परत भांड्यात ठेवला, हात धुतले, मासा झाकणाच्या डब्यात घातला आणि दीड तास चालून लँगटनच्या दुकानाकडे गेला.

लँगटन सायकली दुरुस्त करायचा. दुकानाबाहेर उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवत बसला होता.

"कोण मेलं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कोणी नाही."

"मग तू कसा आलास? चार महिने तुझी सावली पडली नाही इकडे. मी म्हटलं, आता तुलाच पोचवायला यायचं. एप्रनसुद्धा धुऊन ठेवलाय."

टोबाइवानं डबा पुढे केला. "मासा आणलाय. खाऊन सांग."

लँगटननं झाकण उघडून आत बघितलं आणि जोरात हाक मारली, शेजारच्या शिंप्यालाही ऐकू जाईल अशी. "अरे बघा रे! डोहाचा माणूस स्वतःच्या खापरपणज्याला उकडून घेऊन आलाय!"

"चाख, लँगटन. बडबड नंतर."

"विष नाही ना घातलंस? दफनाच्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतं मी. असं तोंड मी फक्त विष घालणाऱ्याचं बघितलंय."

"चाख."

लँगटननं हात पॅंटला पुसला, मोठा तुकडा उचलला, तोंडात टाकला. दोनदा चावला आणि थांबला. मग वाकून रस्त्याच्या कडेला थुंकला, परत एकदा थुंकला, आणि पाण्याची बाटली घेऊन चूळ भरली.

"हा मासा आहे की तळ्याचा तळ? शी! भांडी घासायची माती उकडून आणलीस. आणि मीठ! मीठ काय फावड्यानं घातलंस?"

टोबाइवा दुकानाच्या पायरीवर बसला. "मातकट आहे ना? नक्की?"

"नक्की काय विचारतोस? अजून दाढेत बसलीय माती. एक बटाटा लाव, उगवेल."

"शुवाई म्हणाली, गोड आहे."

"शुवाई सून आहे. तू दगड उकडलास तर म्हणेल, बाबा, मऊ झालाय."

"चर्चच्या बायकाही—"

"त्या काय करतील बिचाऱ्या? देवाला सांगतायत, या म्हाताऱ्याला चूल पेटवायला शिकव." लँगटन पुन्हा चाकाकडे वळला. "पण एवढ्या लोकांना छळण्यापेक्षा तू स्वतः का नाही चाखलास? दात पडतील म्हणून? उरलेत किती?"

"पाच."

"पाच! पाच दातांसाठी हा माणूस दीड तास चालत आला. मी असतो तर केव्हाच खाऊन टाकला असता आणि दात खिशात घालून फिरलो असतो."

"मला स्वच्छ मासा कसा लागतो तेच माहीत नाही," टोबाइवा म्हणाला. "ते तिलाच माहीत होतं."

लँगटननं चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. शेवटी म्हणाला, "चहा घेशील?" आणि आत गेला.

तिथूनच टोबाइवानं फोन लावला.

"मॅडम, शनिवारी उघडता येणार नाही. दोन आठवडे लागतील. पाणी मातकट झालंय."

मिसेस मुरोंडा म्हणाल्या, "सेकुरू, आज बुधवार आहे. लोकांनी खोल्या धरून ठेवल्यात. हे तुम्हाला आज कळतंय? तुम्हाला तर नुसतं बोट बुडवून कळतं."

"मला कधीच कळलं नाही, मॅडम. मी मासा खात नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हणूनच तर मी सगळ्यांना सांगते—"

"ते खरं नाही. मुचानेता चाखायची. दर वर्षी. तुमच्या आधीपासून. मी तिचं ऐकून तुम्हाला सांगायचो. या वर्षी सांगणारं कोणी नव्हतं, आणि जो सांगेल त्याच्याकडे मी वेळेवर गेलो नाही. ती चूक माझी."

लँगटन चहाचे दोन मग घेऊन दारात उभा होता. ऐकत होता.

"म्हणजे चौदा वर्षं मी चुकीच्या माणसाला शाबासकी दिली," मिसेस मुरोंडा म्हणाल्या.

"होय मॅडम."

"आणि तीही मला कधी बोलली नाही. दर शनिवारी भेटायची की!"

"तिला हसू यायचं."

"मी पाहुण्यांना कळवते. किती येतील सांगता येत नाही. बटाटेवाल्यांना काय सांगायचं ते मी नंतर बघते. तुम्ही झडप उघडा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या दुपारी टोबाइवानं झडप उघडली. तळाचं पाणी काळपट, वास मारणारं, बांधाखालच्या दगडांवरून दोन दिवस वाहत राहिलं. खालच्या वस्तीवर जाऊन त्यानं पाटाची पाळी मागितली. त्यांनी आधी कुरकुर केली, मग दिली. ओढ्याचं पाणी तळ्यात पडायला लागलं तसा तो रोज सकाळी पाटाच्या तोंडाशी बसायचा, जसा बोटुकल्यांच्या पिशव्यांशेजारी बसायचा तसा. आठव्या दिवशी वरच्या कोपऱ्यात मासे पाण्याबाहेर उसळायला लागले.

बाराव्या दिवशी लँगटन सायकलवरून आला. टोबाइवानं मासा आधीच उकडून ठेवला होता. मीठ शुवाईनं घातलं होतं. टोबाइवानं तिला एवढंच सांगितलं होतं, की चिमूटभर, आणि खायचं काम तुझं नाही. ती हसली होती, खाली बघून.

लँगटननं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग ताटली मांडीवर ओढली आणि खातच राहिला. एक बाजू संपली, मासा उलटा केला, दुसरी बाजूही संपली. काटा वर धरून बघितला आणि गालाच्या बाजूचा तुकडाही काढून खाल्ला.

"काय?" टोबाइवानं विचारलं.

"थांब. एका माशात काय कळतं? अजून एक आण."

"लँगटन."

लँगटननं बोटं चाटली, शुवाईनं वाळत घातलेला फडका दोरीवरून ओढून डोक्याला बांधला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि मुचानेताच्या आवाजात म्हणाला, "स्वच्छ."

शुवाईनं तोंडावर हात ठेवला. टोबाइवा त्याच्याकडे बघत होता.

"डावा," तो म्हणाला. "ती डावा डोळा मिटायची. तेव्हाही तू उजवा मिटला होतास."

लँगटननं डावा डोळा मिटला आणि पुन्हा म्हणाला, "स्वच्छ."

"हां. आता बरोबर."

त्या शनिवारी नऊपैकी चार खोल्या भरल्या. मिसेस मुरोंडा आल्या होत्या. बटाट्याचं नाव त्यांनी या खेपेला काढलं नाही, पुढच्या वर्षीचं काही सांगितलंही नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका पाहुण्यानं माशाचं कौतुक केलं आणि विचारलं, की पाण्यात बोट बुडवून सांगणारे ते म्हातारे हेच का. मिसेस मुरोंडांनी दारात उभ्या असलेल्या टोबाइवाकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती यांची बायको. मुचानेता तिचं नाव. बसा, सेकुरू, तुम्हीच सांगा."

टोबाइवा टोपी हातात घेऊन बसला, आणि ती चिखल कसा ओळखायची ते त्यानं सांगायला सुरुवात केली.